इंग्रजीच्या परसातील वेल्श भाषा

इंग्रजी भाषेच्या विस्ताराचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे विचाराची गाडी बहुधा कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तीन बंदरांपासून सुरू होते. व्यापाऱ्यांची भाषा दरबारात शिरली, दरबारातून कचेरीत आली आणि कचेरीतून शाळेत, हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. परंतु इंग्रजीचा दुसऱ्या भाषेशी पहिला दीर्घ सामना झाला तो समुद्रापलीकडे नव्हे, तर तिच्या स्वतःच्या परसात. ब्रिटन या एकाच बेटावर इंग्रजीच्या शेजारी पश्चिमेस वेल्श, नैर्ऋत्येच्या टोकाला कॉर्निश आणि उत्तरेच्या डोंगराळ मुलखात गेलिक अशा तीन केल्टिक भाषा नांदत होत्या. त्यांपैकी कॉर्निश अठराव्या शतकात लोकव्यवहारातून नाहीशी झाली. गेलिक स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांच्या आश्रयाने उरली. वेल्श मात्र लंडनपासून आगगाडीने दोन-तीन तासांच्या अंतरावर असूनही आजतागायत बोलली जाते. एकाच राजसत्तेखालील या भाषांच्या वाट्याला इतके भिन्न भवितव्य का यावे, याचा उलगडा वेल्श भाषेच्या गेल्या पाच शतकांच्या इतिहासात बऱ्याच अंशी सापडतो.

वेल्श हे नावच मुळी परक्यांनी दिलेले आहे. इंग्रजांचे पूर्वज पाचव्या शतकाच्या सुमारास जर्मन किनाऱ्यावरून ब्रिटनमध्ये उतरू लागले, तेव्हा बेटाच्या फार मोठ्या भागात वेल्शची पूर्वज असलेली भाषा बोलली जात होती. नवागतांनी त्या मूळ रहिवाशांना जे नाव दिले त्याचा अर्थ 'परका' असा होतो. घरच्यालाच पाहुण्याने परका ठरवावे, असा हा प्रकार! वेल्श लोक स्वतः आपल्या देशाला 'कम्री' म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी 'एका देशाचे बांधव' हा अर्थ आहे.

भारतीय कानाला ही भाषा वाटते तितकी अनोळखी नाही. वेल्शमध्ये तीनला 'त्री' म्हणतात, नऊला 'नाऊ' आणि दहाला 'देग'. हे साम्य योगायोगाचे नव्हे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात असे प्रतिपादन केले, आणि केल्टिक भाषांचा उगमही तोच असावा असे सुचविले. या जोन्सांचे वडील वेल्समधील अँगलसी बेटावरचे. तेही विल्यम जोन्सच. वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले प्रमाण दाखविण्यासाठी 'पाय' हे ग्रीक अक्षर १७०६ साली प्रथम वापरणारे गणिती ते हेच. मुलगा लंडनमध्ये जन्मला आणि तेथेच वाढला. जगातील सगळ्या भाषा येणारा, पण स्वतःची तेवढी न येणारा मनुष्य, अशी त्याची ओळख एकदा फ्रान्सच्या राजाला करून देण्यात आली, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, वेल्समधील कर्तबगार घराण्यांचे त्या काळी काय होत होते ते तिच्यात नेमके उतरले आहे.

या स्थित्यंतराची सुरुवात शोधू लागल्यास १५३६ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी आठव्या हेन्रीच्या पार्लमेंटने वेल्स कायद्याने इंग्लंडला जोडला. न्यायालयांचे कामकाज इंग्रजीतच चालेल, आणि इंग्रजीचा वापर न करणाऱ्या वेल्शभाषी माणसास राज्यात कोणताही अधिकार मिळणार नाही, असे कलम त्यात होते. त्या वेळी वेल्समधील बहुसंख्य प्रजेला वेल्शखेरीज अन्य भाषा येत नव्हती. म्हणजे ज्याच्यावर खटला चालायचा त्याला खटल्याची भाषा कळत नव्हती. आणखी विशेष असे की, हेन्रीचे ट्यूडर घराणे मूळचे वेल्समधलेच होते. त्याचा बाप बॉसवर्थच्या रणांगणावर जिंकून १४८५ साली गादीवर आला, तेव्हा आता आपले दिवस आले असे वेल्श भाटांना वाटले होते. दिवस आले ते जमीनदारांचे. त्यांची मुले लंडनला गेली, वकील झाली, इंग्रजी बोलू लागली. भाषा उरली ती कुळांची, मेंढपाळांची आणि विणकरांची.

येथेच वेल्शचा इतिहास संपायला हरकत नव्हती. कॉर्निशचा साधारण असाच संपला. तो संपला नाही याचे श्रेय, इतिहासाची गंमत अशी की, पुन्हा एका कायद्यालाच जाते. एलिझाबेथ राणीच्या राज्यात रोमपासून फुटून निघालेला नवा पंथ प्रजेच्या मनात रुजवायचा होता, आणि प्रजेला लॅटिनही कळत नव्हते व इंग्रजीही. म्हणून १५६३ साली पार्लमेंटने बायबलचे आणि प्रार्थनापुस्तकाचे वेल्श भाषांतर करण्याची आज्ञा दिली. भाषांतराशेजारी इंग्रजी प्रतही ठेवावी, म्हणजे दोन्ही ताडून पाहता पाहता लोक इंग्रजी लवकर शिकतील, अशीही तरतूद त्याच कायद्यात होती. हेतू इंग्रजीच्या प्रसाराचा होता, फळ मात्र नेमके उलट मिळाले. १५६७ साली विल्यम सॉल्झबरीच्या पुढाकाराने 'नवा करार' वेल्शमध्ये छापला गेला, आणि १५८८ साली, स्पेनचे आरमार इंग्लंडवर चालून आले त्याच वर्षी, विल्यम मॉर्गन या धर्मोपदेशकाने संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणले.

मॉर्गनने भाटांच्या जुन्या काव्यभाषेची प्रतिष्ठा आणि घडीवपणा गद्यात उतरविला. उत्तर वेल्स आणि दक्षिण वेल्स यांच्या बोलींत बरेच अंतर आहे. आता दर रविवारी दोन्हीकडच्या लोकांच्या कानांवर एकच प्रमाणभाषा पडू लागली. न्यायालयातून हाकललेल्या भाषेला देवळात मानाची जागा मिळाली. वेल्श साहित्याचे बहुतेक सगळे इतिहासकार या ग्रंथापाशी थांबतात, ते काही केवळ भक्तिभावाने नव्हे.

कॉर्निशला हे भाग्य लाभले नाही. ती वेल्शची सख्खी बहीण होय. १५४९ साली इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले तेव्हा कॉर्नवॉल आणि डेव्हन या परगण्यांत बंड झाले. आपल्यापैकी काही जणांना इंग्रजी समजत नाही, असे बंडवाल्यांनी आपल्या मागण्यांत लिहिले होते. बंड मोडले, हजारो माणसे मारली गेली, आणि कॉर्निशमध्ये ना प्रार्थनापुस्तक निघाले ना बायबल. पुढच्या दोन शतकांत ती भाषा पश्चिमेकडे सरकत सरकत समुद्रापर्यंत पोहोचली. माउझल नावाच्या कोळ्यांच्या गावात मासळी विकणारी डॉली पेंट्रीथ १७७७ साली मरण पावली. कॉर्निश ही जन्मभाषा असलेली ती अखेरची व्यक्ती, असे परंपरा मानते. विसाव्या शतकात अभ्यासकांनी ती भाषा पुस्तकांतून पुन्हा उभी केली, आणि आज थोडे लोक ती हौसेने व निष्ठेने बोलतात. पण आजीकडून नातीकडे येणारा धागा एकदा तुटला तो तुटलाच.

छापलेला ग्रंथ असला तरी तो वाचणारा पाहिजे. वेल्समध्ये हे काम अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स या कार्मार्थनशरमधील धर्मोपदेशकाने केले. १७३१ च्या सुमारास त्याने फिरत्या शाळा काढल्या. हिवाळ्यात शेतीचे काम थंडावले की शिक्षक एखाद्या गावात जाई, तीनएक महिने राही, दिवसा मुलांना व रात्री मोठ्यांना फक्त वाचायला शिकवी आणि मग पुढच्या गावी निघे. शिकवणे वेल्शमधून चाले. जोन्सच्या ठायी भाषाभिमान होता की नव्हता हा वादाचा मुद्दा आहे. त्याचा हिशेब सरळ होता. परक्या भाषेतून वाचायला शिकविण्यास वर्षे लागतील, आणि तोवर कित्येक जीव उद्धाराविना मरून जातील. त्यांच्या भाषेतून शिकविले तर तीन महिने पुरतात. तो १७६१ साली वारला, तोवर दोन लाखांच्या आसपास माणसे या शाळांतून वाचू लागली होती असा अंदाज आहे. साऱ्या वेल्सची लोकसंख्या तेव्हा पाच लाखांच्याही आत होती. गोठ्यात आणि ओसरीत चालणाऱ्या या शाळांनी युरोपातील एका अत्यंत दरिद्री प्रदेशाला सर्वात साक्षर प्रदेशांच्या पंक्तीत नेऊन बसविले.

पुढे शतकाच्या अखेरीस बाला गावच्या टॉमस चार्ल्सने रविवारच्या शाळांचे जाळे विणले. त्या काळातील एक गोष्ट वेल्समध्ये प्रत्येक मुलाला ठाऊक असते. मेरी जोन्स या विणकराच्या मुलीने सहा वर्षे पै-पैसा साठविला आणि १८०० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, वेल्श बायबलची प्रत विकत घेण्यासाठी सुमारे पंचवीस मैलांची डोंगरवाट अनवाणी तुडवून ती बाला येथे चार्ल्सच्या दारी पोहोचली. या कथेला पुढे भाविकांनी पुष्कळ रंग चढविले. पण एक साधी गोष्ट त्या रंगांखालीही दिसते. गरिबाची मुलगी जिच्यासाठी सहा वर्षे पैसे साठविते, त्या भाषेला गावंढळ म्हणून मोडीत काढणे सोपे नसते.

मोडीत काढण्याचा प्रयत्न मात्र झाला, आणि तो शिक्षणाच्या नावाने. १८३९ मध्ये न्यूपोर्ट येथे चार्टिस्टांचा उठाव झाला. त्याच सुमारास पश्चिम वेल्सच्या शेतकऱ्यांनी बायकांचे वेष घालून रस्त्यांवरील टोलनाकी फोडली. आपल्याला न कळणाऱ्या भाषेत प्रजा काय बोलते, याची सरकारला धास्ती पडली. १८४६ साली पार्लमेंटमध्ये वेल्समधील शिक्षणाच्या चौकशीची मागणी करणारा सभासद स्वतः वेल्श होता, हे नमूद केले पाहिजे. चौकशीवर नेमलेले तिघेही तरुण इंग्रज वकील होते, आणि तिघांपैकी एकालाही वेल्श येत नव्हते. ते खेड्यांतल्या शाळांत गेले, वेल्शखेरीज काही न कळणाऱ्या पोरांना इंग्रजीत प्रश्न विचारले, आणि उत्तरे आली नाहीत तेव्हा पोरे अज्ञानी असल्याचे लिहून घेतले. १८४७ साली तीन खंडांचा अहवाल निघाला. शाळा वाईट होत्या हे त्यातील म्हणणे बरेचसे खरे होते. परंतु अहवाल तेथे थांबला नाही. वेल्श लोक आळशी, वेल्श स्त्रिया शीलाने सैल, आणि या सगळ्याच्या मुळाशी त्यांची भाषा, असा निष्कर्ष त्याने काढला. सरकारी अहवालांना निळी वेष्टने असत. त्यावरून वेल्समध्ये आजही या प्रकरणाला 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' असे म्हणतात.

अहवालाने लोक चिडले, आणि त्याच वेळी लाजलेही. इंग्रजी आले नाही तर मुलांचे पुढे काय होणार, ही चिंता घराघरांत शिरली. शाळांत 'वेल्श नॉट' नावाची लाकडी पट्टी वापरली जात असे. शाळेत वेल्श बोलणाऱ्या पहिल्या मुलाच्या गळ्यात ती अडकवीत. दुसरा कोणी वेल्श बोलताना सापडला की पहिल्याने ती त्याच्या गळ्यात घालायची. शाळा सुटताना ती ज्याच्यापाशी असेल त्याला छडी मिळे. यात छडीपेक्षा वाईट गोष्ट होती ती मुलांनाच एकमेकांचे हेर बनविण्याची. अशी शिक्षा द्या असा सरकारी हुकूम कधीही निघाला नव्हता. ती शिक्षकांनी आणि पुष्कळदा आईबापांच्या संमतीने चालविलेली प्रथा होती, आणि चौकशीच्या अहवालातही तिचा उल्लेख आला आहे. भाषेचा अपमान हुकमाने होतो त्यापेक्षा तो घरच्यांच्या संमतीने होतो तेव्हा अधिक खोल जातो. १८७० च्या कायद्याने सार्वत्रिक प्राथमिक शिक्षण आले ते इंग्रजीतूनच आले, आणि तेव्हा विरोधाचा आवाज फारसा उठला नाही.

लंडनमध्ये वेल्श भाषेची ही संभावना चालली असता चेरापुंजीच्या डोंगरावर एक वेगळीच घटना घडत होती. वेल्श मिशनचा टॉमस जोन्स हा मूळचा सुतारकाम करणारा धर्मोपदेशक १८४१ साली तेथे आला आणि त्याने खासी भाषा रोमन लिपीत लिहिण्यास आरंभ केला. त्याआधी श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी ती बंगाली लिपीत लिहून पाहिली होती. जोन्सने वर्णांची योजना आपल्या मातृभाषेच्या वळणावर केली. आजही खासी मुळाक्षरांत 'ग' नंतर लगोलग 'ङ' चे जोडचिन्ह येते, ते वेल्श मुळाक्षरांच्या क्रमाप्रमाणे. खासी लोकांचे प्रसिद्ध देशगीत वेल्श राष्ट्रगीताच्या चालीवर म्हटले जाते. आपली भाषा हा प्रगतीतील अडसर आहे असे ज्यांना पार्लमेंटचे अहवाल बजावीत होते, त्यांच्यातील एकाने त्याच दशकात हजारो मैलांवरच्या एका लहान भाषेला शाळेत आणि छापखान्यात जाण्याची वाट करून दिली. ती भाषा आज मेघालयात पाठ्यपुस्तके, वर्तमानपत्रे आणि आकाशवाणी यांत ऐटीत वावरते.

एकोणिसाव्या शतकातील वेल्सबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, कारण ती सामान्य समजुतीच्या उलट आहे. उद्योगधंद्यांनी लहान भाषा मरतात असे मानले जाते. वेल्समध्ये कोळशाच्या खाणींनी प्रथम भाषेला हात दिला. आयर्लंडमध्ये १८४५ पासून दुष्काळ पडला तेव्हा आयरिश बोलणारे शेतकरी मेले किंवा अमेरिकेला गेले, आणि भाषेचा कणाच मोडला. वेल्श शेतकऱ्याला पोट भरण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला नाही. तो दक्षिणेकडील खोऱ्यांत उतरला. ऱ्हाँडा खोऱ्याची वस्ती १८५१ साली हजाराच्या आत होती, ती १९११ साली दीड लाखावर गेली. या नव्या गावांत प्रार्थनामंदिरे, गायनमंडळे, कवितांच्या स्पर्धा, वर्तमानपत्रे आणि प्रारंभीच्या काळातील कामगारांच्या सभा, सगळे वेल्शमध्ये चाले. तरीही काहींना ही जवळीक धोक्याची वाटली. इंग्रजीपासून दूर, निखळ वेल्श वसाहत उभारावी म्हणून सुमारे दीडशे माणसे १८६५ साली 'मिमोसा' जहाजाने अर्जेंटिनातील पाटागोनियात गेली. तेथे त्यांना इंग्रजी टाळता आली, पण समोर स्पॅनिश उभी राहिली. त्या वसाहतीत वेल्श आजही ऐकू येते.

खाणींचा हा आधार दोन पिढ्या टिकला. पुढे वेल्समधील माणसे अपुरी पडू लागली आणि इंग्लंडमधून मजूर आले. दोन भाषांच्या खोऱ्यात एकमेकांशी बोलायचे कोणत्या भाषेत, हा प्रश्न रोजच्या व्यवहारानेच सोडविला. १९०१ च्या शिरगणतीत वेल्समधील निम्मे लोक वेल्श बोलणारे होते. १९११ साली त्यांची संख्या ९,७७,३६६ झाली. शिरगणतीत नोंदला गेलेला हा सर्वात मोठा आकडा होय. पण लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण तोवर शेकडा ४३.५ वर उतरले होते. त्यानंतर महायुद्ध आले, मंदी आली, खाणी बंद पडल्या, तरुण इंग्लंडच्या कारखान्यांकडे गेले, आणि ज्या मंदिरांनी भाषेला तीन शतके आसरा दिला तीच ओस पडू लागली. १९६१ साली प्रमाण शेकडा २६ उरले.

या शिरगणतीचे आकडे प्रसिद्ध होण्यापूर्वीच, १३ फेब्रुवारी १९६२ रोजी, वेल्समधील नभोवाणीवरून एक भाषण झाले. वक्ते होते नाटककार व समीक्षक साँडर्स लुईस. १९३६ साली लष्करी विमानांच्या तळाच्या उभारणीला विरोध म्हणून दोन मित्रांसह तेथील छपऱ्यांना आग लावून ते स्वतः पोलिसांकडे गेले होते. वेल्समधील ज्यूरीचे एकमत झाले नाही, तेव्हा खटला लंडनला नेऊन त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा देण्यात आली, आणि त्यांची प्राध्यापकी गेली. आता वृद्धत्वाकडे झुकलेल्या लुईस यांनी 'भाषेचे भवितव्य' या विषयावर बोलताना सांगितले की, आहे हेच चालू राहिले तर एकविसाव्या शतकाच्या आरंभी वेल्श ही जिवंत भाषा म्हणून उरणार नाही. उपाय म्हणून त्यांनी भाषेच्या गुणगौरवाचा वा कवितांचा मार्ग सांगितला नाही. ज्या भागात वेल्शभाषी बहुसंख्य आहेत तेथे सरकारी व नगरपालिकेचे काम वेल्शविना चालणे अशक्य करून सोडा, हे त्यांचे म्हणणे होते.

त्यांनी उदाहरण दिले ते एका खाणकामगाराच्या घराचे. ट्रेव्हर आणि आयलीन बीझली हे दांपत्य लनेल्लीजवळच्या लँगेनेख गावात राहत असे. तेथील बहुसंख्य रहिवासी वेल्शभाषी, पंचायतीचे सभासद वेल्शभाषी, कारकूनही वेल्शभाषी. पण घरपट्टीची मागणीपत्रे मात्र केवळ इंग्रजीत निघत. १९५२ साली या दांपत्याने कळविले की, मागणीपत्र वेल्शमध्ये आले म्हणजे पट्टी भरू. वेल्शमध्ये पत्र आले नाही, समन्स आले. सोळा वेळा त्यांना न्यायालयात उभे राहावे लागले. बेलीफ घरी आला आणि सामान उचलून नेऊ लागला. खुर्च्या गेल्या, मेज गेले, पियानोही गेला. घरात लहान मुले होती. शेजाऱ्यांपैकी पुष्कळांना हा खुळेपणा वाटला. एवढ्या कागदासाठी एवढा त्रास कशाला, असे विचारणारेही वेल्शमध्येच विचारीत होते. १९६० साली, आठ वर्षांनी, पंचायतीने दोन्ही भाषांत छापलेले मागणीपत्र पाठविले.

लुईस यांचे भाषण आपल्या राजकीय पक्षाला उद्देशून होते. पक्ष जागचा फारसा हलला नाही. हलली ती तरुण मुले. त्याच वर्षी त्यांनी 'वेल्श भाषा मंडळ' स्थापन केले. १९६३ च्या फेब्रुवारीत ॲबरिस्टविथच्या पुलावर बर्फात बसून त्यांनी वाहतूक अडविली. पुढे इंग्रजी नावांच्या पाट्यांना हिरवा रंग फासला, तुरुंगात गेले, आणि आज वेल्समधील रस्त्यांवर ज्या दुभाषी पाट्या दिसतात त्या त्यातून आल्या. याच काळात लिव्हरपूल शहराला पाणी पुरविण्यासाठी त्रिवेरिन नदीवर धरण बांधले गेले. वेल्समधील जवळजवळ एकाही पार्लमेंट सभासदाचा पाठिंबा नसताना १९५७ साली त्याचा कायदा झाला, आणि १९६५ साली कापेल केलिन हे पूर्णपणे वेल्शभाषी गाव शाळा, प्रार्थनामंदिर आणि दफनभूमीसह पाण्याखाली गेले. भाषेचा प्रश्न हा पंडितांचा नसून सत्तेचा आहे, हे एखाद्या पुस्तकाने पटले नसते इतके त्या तलावाने पटविले.

१९६७ साली पार्लमेंटने पहिला वेल्श भाषा कायदा केला, आणि न्यायालयात वेल्श बोलण्याचा हक्क इंग्रजी न येण्याच्या अटीतून मोकळा झाला. आठव्या हेन्रीचे कलम कागदावरून पुरते पुसले गेले ते मात्र १९९३ च्या कायद्याने. मधल्या काळात दूरचित्रवाणीचा प्रश्न पेटला. स्वतंत्र वेल्श वाहिनीचे आश्वासन देऊन १९७९ साली निवडून आलेल्या सरकारने शब्द फिरविला, तेव्हा ग्विन्फोर एव्हन्स या ज्येष्ठ पुढाऱ्याने ऑक्टोबर १९८० पासून प्राणांतिक उपोषणाची घोषणा केली. उपोषणाचे हत्यार भारतीयांच्या ओळखीचे आहे, ब्रिटनच्या राजकारणात ते विरळा. सप्टेंबरातच सरकारने माघार घेतली आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजी वाहिनी सुरू झाली.

शाळांची कथा याहून शांत, पण परिणामाने मोठी आहे. १९३९ साली ॲबरिस्टविथमध्ये सात मुलांना घेऊन वेल्श माध्यमाची पहिली शाळा निघाली, ती खाजगी होती. १९४७ साली लनेल्ली येथे पहिली सरकारी शाळा आली. पुढे आश्चर्य असे घडले की, ज्या आईबापांना स्वतःला वेल्श येत नाही, ज्यांच्या आजोबांनी ती मुलांपासून मुद्दाम दूर ठेवली होती, तेच आपली मुले या शाळांत घालू लागले. १९८८ च्या शिक्षण कायद्यानंतर वेल्श हा वेल्समधील सर्व सरकारी शाळांत शिकविला जाणारा विषय झाला. २०११ साली कार्डिफच्या विधानमंडळाने तिला अधिकृत भाषेचा दर्जा दिला. इंग्लंडमध्ये इंग्रजीला असा दर्जा देणारा कायदा नाही. तिला तो कधी लागलाच नाही.

लुईस यांनी सांगितलेली मुदत उलटून गेली आहे आणि भाषा हयात आहे. परंतु तिची प्रकृती शिरगणतीगणिक वरखाली होते. २००१ साली शेकडा २०.८ लोकांनी आपल्याला वेल्श येते असे लिहिले, २०११ साली शेकडा १९ नी, आणि २०२१ साली १७.८ नी, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजारांनी. २०५० पर्यंत दहा लाख वेल्शभाषी हे उद्दिष्ट वेल्सच्या सरकारने २०१७ साली ठरविले आहे. आकड्यांच्या पोटात शिरले तर चित्र आणखी गुंतागुंतीचे दिसते. वायव्येकडील ग्विनेड परगण्यात आजही शेकडा ६४ लोक वेल्श बोलतात. पण ग्रिफिथ जोन्सच्या फिरत्या शाळा जेथून निघाल्या आणि बीझली दांपत्याचे सामान जेथे जप्त झाले, त्या कार्मार्थनशरमध्ये दहा वर्षांत प्रमाण शेकडा ४३.९ वरून ३९.९ वर घसरले. इतकी घसरण दुसऱ्या कोणत्याही परगण्यात झाली नाही. उलट इंग्रजीने जे शहर फार पूर्वीच आपलेसे केले होते त्या राजधानी कार्डिफमध्ये, शाळा आणि कचेऱ्या यांच्या जोरावर, वेल्श बोलणारे त्याच दहा वर्षांत सुमारे ३७ हजारांवरून जवळजवळ ४३ हजारांवर गेले.